सुनेचा मार

नानांची रक्त पातळ करायची गोळी संपत आली होती आणि मुलाच्या परदेशातल्या गावचा औषधवाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फक्त हसून दाखवत होता. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला ही गोळी चुकवून चालत नाही. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मुलाला नेहमीप्रमाणे महत्त्वाची मीटिंग होती. म्हणून सुनेनं ती काम करायची त्या पाळणाघरात रजा टाकली आणि सासऱ्यांना दवाखान्यात नेलं.

या गोळीचा वात्रटपणा असा, की कुठे जरा धक्का लागला तरी कातडीवर जांभळा डाग उमटतो. सोफ्याचा हात, कपाटाची कड, काहीही पुरतं. नानांचे दंड नकाशासारखे दिसत. व्हिडिओ कॉलवर नातेवाइकांनी विचारलंच, तर नाना गंभीर चेहऱ्यानं सांगत, "सून मारते. लाटण्यानं." मागून सून ओरडे, "नेम चुकतो हो, नाहीतर डोक्यातच घातलं असतं!" सासूबाई गेल्यापासून घरात एवढा एकच विनोद धडपणे चालत होता. मुलगा हसायचा नाही. पण तो बढती मिळाली तेव्हाही हसला नव्हता.

दवाखान्यात नर्सनं बोटातून थेंब काढला. रक्त हवं तेवढंच पातळ निघालं. गोळीची वेळ, गोळीचा जोर उतरवणाऱ्या पालेभाजीचं प्रमाण, सगळं सूनच सांभाळायची; पहिला नंबर आल्यासारखी ती खूश झाली. मग नर्सनं नानांची बाही वर केली, डाग बघितले आणि सुनेला गोड आवाजात बाहेर बसायला सांगितलं. नियम होता. तिच्या जागी फोनवर एक दुभाषी बाई आली. बातम्या द्याव्यात तसं मराठी.

"घरी आपल्याला कुणी मारहाण करतं का?"

इतक्या दिवसांनी आपल्या भाषेतला नवा श्रोता मिळाला होता. नानांना राहवलं नाही. "करतं की! सून. लाटण्यानं!"

पलीकडून हसू आलं नाही. बाईंनी इमानेइतबारे भाषांतर केलं. लाटणं समजावायला तेवढा वेळ लागला. नर्सची बोटं कीबोर्डवर थबकली आणि मग भराभर चालू लागली.

"अहो बाई, गंमत केली! लेकीसारखी आहे ती मला."

तेही भाषांतर झालं. पण मार खाणारी माणसं नेमकं हेच म्हणतात, असं नर्सला शिकवलेलं होतं.

गोळ्या मिळाल्या. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्यांच्या छळाची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्यातली दोन माणसं घरी आली, अतिशय सभ्य. त्यांनी सुनेला एकटीला बसवून विचारलं, शाळकरी नातीला वेगळं घेऊन विचारलं, लाटणं हातात धरून पाहिलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत पाळणाघरानं तिला घरी बसवलं. दुसऱ्यांची मुलं सांभाळायची नोकरी. त्यात एवढं कारण पुष्कळ झालं.

"तू जाऊन सांग ना त्यांना," नाना मुलाला म्हणाले.

"काय सांगू, नाना? तक्रार तर तुमचीच आहे."

नाना स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "चुकलं गं माझं."

"हसायचे की मीही," सून म्हणाली. तिनं गोळी आणि पाणी ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली.

आता ती नातीलाही मोठ्यानं हाक मारत नसे.

एका सकाळी नानांच्या कोपरावर नवा डाग उमटला. सुनेला दिसला. पूर्वी ती धावत येऊन हात धरायची, ओरडायची, बर्फ लावायची. आज तिनं मोबाइल काढला.

"हात जरा उजेडात धरा, नाना. फोटो काढून ठेवते. वकील म्हणालेत." फोटो निघाला. "कशानं लागलं? नीट आठवून सांगा."

हात तसाच उजेडात धरून नाना म्हणाले, "न्हाणीघराच्या दारानं. माझं मलाच लागलं. तिथं त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं."

तिनं ते लिहून घेतलं.