एका चेंडूचा निकाल

आमच्या गावच्या टेनिस स्पर्धेने चौतीस वर्षं दिमाखात काढली आणि ती बुडवली मी. हे मी नाही, गाव म्हणतं. बेकरीत पाव घ्यायला गेलो तरी म्हणतं.

सत्त्याऐंशी सालची फायनल. समोर समुद्र, लाल मातीचं कोर्ट, पाचवा सेट, टायब्रेक चार-चार. आमच्या क्लबचा नियमच होता, चार-चार झाले की एकच पॉइंट, जो घेईल त्याचा कप. एकीकडे आमचा फुरिओ, औषधवाल्याचा मुलगा. दुसरीकडे उरुग्वेहून आलेला अन्सेल्मो. अन्सेल्मोचा फटका फुरिओच्या मागच्या रेषेपाशी पडला.

"बाहेर!" फुरिओ ओरडला.

"आत!" अन्सेल्मो त्याहून जोरात.

मातीवर हे भांडण टिकत नाही. चेंडूची खूण उमटलेली असते, पंच उंच खुर्चीवरून खाली उतरून बघतो, विषय संपतो. आमच्या पंच ओर्नेलाबाई उतरायलाही लागल्या होत्या. पण हे दोघे तावातावाने नेटपाशी आले आणि मला वाटलं, हात मिळवताहेत. सामना संपला की चटई ओढून कोर्ट सारखं करायचं, हे माझं काम. हातांना सवय! मी ओढली, आणि खूण पुसली गेली.

पुढचं काय सांगू? खुर्च्या उडाल्या, बँडवाल्याचा ढोल फुटला, बक्षिसाचा खर्च करणारा दारूचा कारखानदार टोपी सांभाळत पळाला तो परत आलाच नाही. स्पर्धा संपली. अन्सेल्मोने मात्र भर चौकात शपथ घेतली, "निकाल लागल्याशिवाय हे गाव सोडणार नाही!" आठ दिवसांसाठी आलेला माणूस अडतीस वर्षं राहिला. त्याने आइस्क्रीमचं दुकान टाकलं. रोज दुपारी आम्ही तिघं पत्ते खेळतो, आणि रोज ते दोघं त्याच चेंडूवरून भांडतात. माझ्या आयुष्यात याहून सुखाचं काही नाही.

यंदा मेयरबाईंनी क्लबच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा दगड बसवला. शेवटची ओळ कोरी. बाई म्हणाल्या, "तो एक पॉइंट पुन्हा खेळून टाका."

गाव नुसतं खुळावलं. आमच्या पत्त्यांच्या टेबलावर मात्र डाव अडला.

"निकाल लागला की मी निघालो," अन्सेल्मो म्हणाला. "शपथ म्हणजे शपथ."

"तिकडे कोण आहे रे तुझं?" मी विचारलं.

"कोणी नाही. म्हणून काय झालं?"

"जाऊ दे त्याला," फुरिओ म्हणाला. "त्याच्या आइस्क्रीमला तरी कुठे चव असते." मग तो बराच वेळ हातातले पत्ते उगाच लावत बसला.

रविवारी अख्खं गाव लोटलं. फुरिओच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. अन्सेल्मो सुटकेस घेऊनच आला आणि ती त्याने बाकाशेजारी ठेवली. सर्व्हिस झाली, चेंडू तीनदा कसाबसा इकडून तिकडे गेला, आणि मग अन्सेल्मोचा फटका पडला. त्याच रेषेपाशी!

"बाहेर!"

"आत!"

ओर्नेलाबाई पंचाहत्तरीच्या. एकेक पायरी मोजत उतरू लागल्या. खुणेच्या सगळ्यांत जवळ मी उभा होतो. ती मला स्वच्छ दिसली. मग मी त्या सुटकेसकडे पाहिलं, आणि चटई उचलली.

सरळ ओढत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बँडही वाजायचा थांबला.

"नेव्हिओ," तिसऱ्या पायरीवरून बाई म्हणाल्या, "पुन्हा?"

"सवय, बाई."

"गाढवा!" फुरिओने रॅकेट आपटली आणि खो-खो हसत खालीच बसला. अन्सेल्मोने येऊन माझी कॉलर धरली.

"अडतीस वर्षांत अक्कल आली नाही तुला! आता थांबणं आलंच ना मला! उचल ती सुटकेस, घरी नेऊन टाक."

जड असेल म्हणून मी चांगला जोर लावला आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो. सुटकेस रिकामी होती.

मी ती जड असल्यासारखीच त्याच्या घरी नेली. त्या दुपारी पत्ते वाटायची पाळी अन्सेल्मोची होती.