लाभ, दोन, तीन

महादेवप्पाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं ते बायको गौरम्मा वारल्यावर अडीच महिन्यांनी. सकाळी उठून तो तांब्या उचलायला गेला आणि तांब्या हातातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी तोच खाली बसला. सून जगदेवी धावत आली तेव्हा तो भिंतीला टेकून होता आणि उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवत होता, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात असावा.

वाचा शाबूत राहिली. पाय दीड महिन्यात जमिनीला लागला, ओढत का होईना चालू लागला. हाताचं मात्र काही होईना. तो कोपरात वाकून छातीशी आला आणि मूठ मिटली ती मिटलीच.

महादेवप्पा उदगीरच्या मोंढ्यातला मापाडी. चाळीस वर्षं त्यानं लोकांचं धान्य मापलं, आधी शेर-पायलीनं, मग काट्यावर. पण त्याला मोंढ्याची चिंता नव्हती. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, मोंढ्यात माल नव्हता, काटे नुसते टांगलेले होते. धडधाकट मापाडीसुद्धा अडतीच्या ओट्यावर बसून जांभया देत होते.

चिंता वेगळी होती. गळ्यातलं लिंग पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. आठव्या वर्षी त्याची दीक्षा झाली, तेव्हापासून अंघोळ, विभूती, पूजा आणि मग पोटात अन्न, यात कधी खंड पडला नव्हता. आता तळहातच उघडत नव्हता. मठातले स्वामी घरी येऊन म्हणाले, पाटावर ठेवून पूजा करा, देवाला चालतं. देवाला चालत असेल. महादेवप्पा पाटावरच्या लिंगापुढं हात जोडायला जाई तर जोडायलाही दुसरा हात येत नसे. मग तो जेवायला बसे आणि दोन घासांत उठे.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गौरम्माला लिंगायत रीतीनं बसती समाधी दिली, बसवून पुरलं, तेव्हा स्वामींनी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातात ठेवलं आणि बोटं मिटायला महादेवप्पाला सांगितलं. त्यानं एकेक बोट मिटलं. बोटं मऊ होती, कसलाच त्रास दिला नाही त्यांनी. आता रात्रंदिवस त्याच्या मनात एकच येई, आपली वेळ आली की ही मूठ कशी उघडतील? ओढतील. उघडली नाही तर बोटं मोडतील. आणि ते करायला आपला मुलगा शिवप्पाच पुढं होईल.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. आधी मोठ्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे, आता लातूरला जाऊन दिवसात परत येता येई. शिवप्पानं त्याला तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध दिलं ते दिलं, आता हात हलवल्याशिवाय इलाज नाही. नव्या जिल्ह्यात एक बाई नेमल्या आहेत, त्या दर गुरुवारी उदगीरला येतात, त्यांच्याकडं जा.

गुरुवारी जगदेवी त्याला रिक्षात घालून उदगीरच्या दवाखान्यात घेऊन गेली. आवारातल्या लिंबाखाली दहा-बारा माणसं उभी होती. पुढं पदर कमरेला खोचलेली तिशीतली एक बाई. तिचं नाव पंचशीला, माहेर हदगावकडचं. लोक तिला कवायतीच्या बाई म्हणत. तिच्यापुढं कोण नव्हतं? एक गरोदर बाई होती, दम लागणारा एक म्हातारा होता. शिवकन्या नावाची बारा वर्षांची पोर होती, पोलिओनं पाय गेलेला, लोखंडी पट्ट्यांचा बूट घातलेली. शाळेत कवायतीच्या तासाला तिला सगळ्यांची दप्तरं सांभाळायला बसवत. इथं बाईंनी तिला सगळ्यांच्या पुढं बाकावर बसवलं होतं आणि ती बसल्या जागी हात असे फेकत होती की मागच्यांना तिच्याकडंच बघावं लागे.

आणि धुरपताबाई होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, गुरुवारी कामाला सुट्टी. तिचा उजवा खांदा कानाच्या वर जात नव्हता आणि तोंड कधी थांबत नव्हतं.

"बाई, सहा दिवस खडी फोडून हात तुटायलेत," ती म्हणाली, "आन् सातव्या दिवशी तुमी म्हनता हात हलवा. आता अजून किती हलवू?"

"मावशी, हातोडा कोन्या हातानं मारता?"

"उजव्या."

"तो वरून खाली, वरून खाली, एकाच वाटेनं जाऊन राहिला. बाकीच्या वाटा इसरला. त्या दाखवायच्या त्याला. ते काम झालं, हे हाताचं सोताचं."

धुरपताबाईनं नाक मुरडलं, पण हात उचलला.

महादेवप्पानं आधीच सांगून टाकलं होतं की आपण फक्त बघायला आलोय. तो ओट्यावर बसला. बाई मोजू लागल्या, एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या फेरीला त्याला राहवेना.

"बाई, एक म्हनू नका."

सगळे वळून बघू लागले. जगदेवीनं मान खाली घातली.

"मग काय म्हनू?"

"पयल्याला लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. मापाची रीत हाय. एक म्हनलं की दाना एकटा पडतो."

पंचशीलाबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं ते. तुमीच मोजा, आप्पा."

तो मोजू लागला. चाळीस वर्षं मोंढ्याच्या गोंगाटात काट्यापासून रस्त्यापर्यंत पोचणारा तो आवाज वर्षभर वापरलाच नव्हता. लाभ म्हणताना तो लांबवायचा, दोनवर उतरायचा, पुढं चालीत जायचा. दवाखान्याच्या फाटकाशी माणसं थांबून बघू लागली. धुरपताबाई हात वर ठेवून हसली. "बगा, आपलं बी माप व्हायलंय आता."

सगळं उरकल्यावर बाई त्याच्याजवळ आल्या. तेवढ्यात शिपायानं जाता जाता त्यांना जय भीम घातला, त्यांनीही घातला. महादेवप्पाला त्यांचं घर कळलं, आणि हात पुढं करायला त्याला एका क्षणाचा उशीर झाला. तो क्षण बाईंच्या ध्यानात आला असणार. त्यांनी आपला हात तसाच मध्ये धरला आणि विचारलं, "धरू का?"

"धरा."

त्यांनी आधी अंगठा सोडवला, मग पहिलं बोट. कळ खांद्यापर्यंत गेली. दुखतंय का म्हणून विचारलं, तो हो म्हणाला. दुखतंय हे बरं आहे, त्या म्हणाल्या, न दुखणारा हात अवघड. मग हाताचं काम काय आहे ते त्यांनी विचारलं. कुणाला भाकरी थापायची असते, कुणाला गुंडी लावायची असते, त्यावर इलाज ठरतो.

त्यानं गळ्यातलं लिंग दाखवलं. तळहातावर घ्यायचंय, एवढंच सांगितलं. समाधीचं नाही सांगितलं.

"मला त्यातलं कळत न्हाई, आप्पा," बाई म्हणाल्या, "पन तळहात कळतो. उघडंल. सगळा न्हाई म्हनत मी."

गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवा असं त्या सांगायला गेल्या आणि थांबल्या. घरात पाणी चौथ्या दिवशी येत होतं, दोन घागरी. त्यांनी थोडा विचार केला. परातीत ज्वारी घ्या, दुपारच्या उन्हात ठेवा, तापली की मूठ तिच्यात रुतवा आणि आतल्या आत बोटं हलवा, असं सांगितलं. दाणा सांडू नका, खाली धोतर अंथरा.

घरी जगदेवीनं दुसऱ्याच दिवशी परात उन्हात ठेवली. महादेवप्पानं तिकडं बघितलं नाही. संध्याकाळी तिनं ज्वारी डब्यात ओतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. असे पाच आठवडे गेले. गुरुवार आला की मात्र तो सकाळपासून टोपी घालून बसे. मोजायला जायचं असे. आता रिक्षाही नको म्हणे, पाय ओढत जाई आणि लिंबाखाली उभा राहून मोजी. हात छातीशी तसाच. पंचशीलाबाई दर वेळी बोटं सोडवून बघत आणि घरी काही केलं नाही हे त्यांना कळे. रागावत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, "मी आठवड्यातून एकदा येते, आप्पा. हात रोज तुमच्याजवळ ऱ्हातो."

खरी गोष्ट ही की त्याला भीती वाटत होती. केलं नाही तोवर उघडेल असं म्हणता येत होतं. केलं आणि नाही उघडला तर?

पौषात जिल्ह्याहून हुकूम आला. दुष्काळ वाढला होता, पंचशीलाबाईंना निलंग्याकडं जनावरांच्या छावण्यांवर माणसांची नोंद करायच्या कामाला लावलं. दोन महिने तरी येता येणार नाही, त्या म्हणाल्या. गुरुवार मोडू नका. काय करायचं ते शिवकन्याला सगळं पाठ आहे, आणि मोजणारा तुमच्याकडं आहेच.

पुढच्या गुरुवारी पाचच जण आले. शिवकन्या बाकावर बसली, महादेवप्पा शेजारी उभा राहिला. त्यानं लाभ म्हटलं, दोन म्हटलं. धुरपताबाईचा हात खालीच.

"हात वर का न्हाई?" त्यानं विचारलं.

"बाई व्हत्या तवा त्या सोता करत व्हत्या. तुमी निस्तं मोजताव. दुसऱ्याचं मापायचं आन् आपलं पोतं शिवून ठेवायचं, ही कुठली रीत, आप्पा?"

बाकीचे हसले. शिवकन्या हसली नाही. ती पुढं बघत हात वर धरून थांबली होती आणि तिचा हात आता थरथरत होता. मोजणं थांबलं होतं म्हणून तिनं खाली घेतला नव्हता.

महादेवप्पानं उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं आणि उचललं. हनुवटीपर्यंत आला. कळीनं डोळ्यांत पाणी आलं. "लाभ," तो म्हणाला. धुरपताबाईनं हात उचलला, कानापर्यंत, मग कानाच्या वर. "दोन." दहापर्यंत त्यानं नेलं. शेवटचे आकडे नीट ऐकूही आले नाहीत, पण पाचही जणांनी ते पुरे केले.

त्या दुपारी घरी आल्यावर तो धोतर अंथरून परातीपुढं बसला. जगदेवी आत होती, ती आतच राहिली.

ज्वारी चांगली तापली होती. मूठ आत रुतवली तर दाणे बोटांच्या फटीत शिरले. वर ऊन, खाली ऊन. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. तो उजव्या हातानं एकेक बोट सोडवायचा, दाण्यांत दाबायचा, मोजायचा. बोट पुन्हा वळायचं. सोळाव्या-सतराव्या दिवशी पहिल्या बोटाला काहीतरी टोचलं. त्यानं ते बाजूला सारलं आणि ओरडून म्हणाला, "जगदेवी, जवारी नीट निवडली न्हाईस. खडा हाय."

जगदेवी सूप घेऊन दारात आली. "निवडली व्हती की, मामा. कुटं हाय?"

"हे काय, बोटाला लागला."

"कोन्या बोटाला?"

तो बघत राहिला. खडा दाण्यांवर पडला होता, डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं सारलेला. जगदेवीनं सूप खाली ठेवलं, खडा उचलून पदराच्या टोकाला बांधला आणि आत गेली. आत ती बराच वेळ भांडी लावत होती.

त्यानंतर रोज थोडं थोडं होत गेलं. काही दिवस काहीच होत नसे, दोन दिवस तर मागं जाई. अंगठा सुटला, पहिलं बोट सुटलं, मधलं सुटलं. शेवटची दोन बोटं अर्धी वळलेलीच राहिली. त्यांना त्यानं फार ओढलं, मग सोडून दिलं.

गुरुवारी आता पाचाचे अकरा झाले होते. धुरपताबाई खडीवरच्या दोघींना घेऊन येत होती. दुपारच्या सुट्टीत त्या खडीच्या ढिगामागंही हात वर करतात आणि मुकादम बघत राहतो, असं ती सांगायची.

फाल्गुनातल्या एका सकाळी त्यानं विभूती लावली, गळ्यातलं लिंग सोडलं आणि पाटाकडं न बघता डावा हात पुढं धरला. लिंग तळहातावर ठेवलं. ते घरंगळलं, पण पडलं नाही. ती दोन वळलेली बोटं बांधासारखी आडवी होती, लिंग त्यांना लागून थांबलं. ती सरळ झाली असती तर ते खाली गेलं असतं. हात कापत होता. तो किती वेळ धरेल हे कळावं म्हणून तो मनात मोजू लागला, आणि मोजता मोजता मंत्र म्हणू लागला. अठ्ठावीसला हात खाली आला, तेव्हा उजवा हात खाली तयारच होता.

जगदेवी ताट घेऊन उभी होती.

"आता माज्या वेळंला शिवप्पाला ओढाओढ करावी लागायची न्हाई," तो तिला म्हणाला. "हात उघडतो. सांगून ठेव त्याला."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "सकाळी सकाळी काय बोलताव, मामा," ती म्हणाली आणि ताट पुढं सरकवलं. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. गौरम्मा असती तर चौथी घालताना कानडीत म्हणाली असती, अजून एक. जगदेवीनं न विचारताच चौथी घातली.

त्या दिवशी गुरुवार होता. लिंबाखाली पोचायला त्याला उशीर झाला. सगळे उभे होते, शिवकन्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"उशीर का, आप्पा?" धुरपताबाईनं विचारलं. "मापाड्याची वाट बगून दाना वाळला."

"पूजा केली, जेवलो, आलो," महादेवप्पा म्हणाला. त्यानं टोपी नीट केली, दोन्ही हात पुढं धरले आणि मोजायला सुरुवात केली. "लाभ."