एकेचाळिसावी सही

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. मित्रांनो, शेगडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोळशाची उघडी शेगडी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. माझे पोट रांजणासारखे फुगीर आहे. पोटाला झडप आहे, आणि डोक्यातून निघालेले धुराडे थेट छपराबाहेर जाते. १९११ साली एका सरोवराकाठच्या कारखान्यात वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले गेले आणि माझा जन्म झाला. तिथून मी मालगाडीने केल्सी नावाच्या लहानशा गावात आले. थोरल्या ब्रेक्के यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या पिंपांशेजारी, मला जागा मिळाली.

ती माझ्या उमेदीची वर्षे होती. बाहेर कमरेइतके बर्फ साचायचे आणि आत माझ्याभोवती सगळे गाव उभे असायचे. माझ्या कठड्यावर ओले हातमोजे वाळले. मार्च महिन्यात विकायला आलेली कोंबडीची पिल्ले खोक्यात घालून माझ्या पायाशी ठेवली जात, आणि ती रात्रभर चिवचिवत. थोरले ब्रेक्के मला दर शनिवारी काळे पॉलिश करायचे आणि गिऱ्हाइकांना म्हणायचे, "हिच्यामुळे दुकान चालतं. माझ्यामुळे नाही." असे कौतुक ऐकले की लोखंडसुद्धा सुखावते.

पुढे दुकानात गॅसची भट्टी आली. थोरले गेले, त्यांचा मुलगा हॅरल्ड ब्रेक्के गल्ल्यावर बसू लागला. मला त्याने काढून टाकले नाही, एवढाच काय तो त्याचा चांगुलपणा. पॉलिश थांबले. राख आठ आठ दिवस पोटात साचू लागली. हिवाळ्यात माझ्यात कोळसा पडत असे, पण तो कामासाठी नाही, गप्पांसाठी. आणि त्या गप्पा! मित्रांनो, मी बिडाची आहे, मला कान नसते तर किती बरे झाले असते.

गावापासून सत्तर मैलांवरच्या शहराचा एक बेसबॉलचा संघ होता. त्याचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. बगळे ऑक्टोबरात हरून घरी गेले, की मैदानाला कुलूप लागायचे आणि माझ्याभोवतीच्या खुर्च्या भरायच्या. कोणता खेळाडू काढायचा, त्याच्या बदल्यात कोणाचा कोण आणायचा, याचा खल एप्रिलपर्यंत चाले.

त्या मंडळींचे म्होरके दोन. एक ऑर्विल टेस्के, निवृत्त पोस्टमन. दुसरा गस हालुस्का, खाटीक. आयुष्यात या दोघांपैकी एकानेही बॅटीने चेंडू धड सत्तर पावले मारला नव्हता. पण बोलायला लागले की वाटावे, संघाच्या मालकाने यांना सकाळीच बोलावणे पाठवले होते, यांनीच दाढी व्हायची आहे म्हणून जायचे टाळले!

सत्त्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात त्यांच्या तावडीत सापडला तो नॉर्म कासिक. नॉर्म बगळ्यांचा कॅचर. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, फेकलेले चेंडू दिवसभर झेलणारा. बारा वर्षे तो असा बसला होता. खेळ संपला की तो केल्सीत राहायचा, कारण त्याची बायको ज्युडिथ याच गावची.

"कासिकला काढा आता," गस बुटांचे तळवे माझ्याकडे करून म्हणाला. "चौतीस वर्षांचा घोडा झालाय. उठताना त्याचे गुडघे वाजतात, ते मला शेवटच्या रांगेत ऐकू येतात."

"नुसतं काढून कसं चालेल, खुळ्या?" ऑर्विल म्हणाला. "बदल्यात काहीतरी आलं पाहिजे. कासिक द्यायचा, वर एखादा राखीव पोरगा द्यायचा, आणि तिकडचा तो डावखुरा पिचर उचलायचा."

"आणि ते देतील?" गल्ल्यावरून हॅरल्डने विचारले.

"न द्यायला काय झालं? वर एक पोतं चेंडू देऊ की!"

सगळे खो खो हसले. समोरच्या संघाचे कारभारी म्हणजे यांच्या मते दूधखुळे. दोन किडकी सफरचंदे घेऊन ते आनंदाने अख्खे डुक्कर देणार! आणि हे बोलणारा गस कोण? अर्धा वापरलेला रंगाचा डबा बदलून मागायला आला होता तो. हॅरल्डने नाही म्हटले, तेव्हा चार दिवस रुसून दुकानात फिरकला नाही.

या मंडळींची एक रीत होती. दर वर्षी ऑर्विल संघाच्या कारभाऱ्यांना एक पत्र लिहायचा. अमका द्या, तमका आणा, आम्ही केल्सीचे लोक खाली सही करणार. ते पत्र दोन आठवडे खिळ्यांच्या पिंपावर, अगदी माझ्या शेजारी, उघडे पडलेले असे. स्क्रू घ्यायला आलेला माणूस सही करी, दोर घ्यायला आलेला करी. वाचत कोणी नसे. तिथे सही म्हणजे शिष्टाचार होता, भेटल्यावर हात मिळवावा तसा. मग नोव्हेंबरअखेरचा आभाराचा सण, थँक्सगिव्हिंग, झाला की दुसऱ्या दिवशी ऑर्विल इस्त्री केलेली टोपी घालून ते पत्र स्वतः पोस्टात टाकायला जाई. दहा वर्षांपूर्वी संघाने एक चांगला पिचर आणला होता. तो आपल्या पत्रामुळेच आला, असे ऑर्विल सांगे. "मला उत्तर येतं तिकडून, खासगी," असेही तो सांगे. ते उत्तर कोणी पाहिलेले नव्हते.

आणि एका दुपारी ज्युडिथ कासिक खिडक्यांच्या काचांना लावायची पुट्टी घ्यायला दुकानात आली. सोबत तिची विनी होती. मित्रांनो, या विनीला मी जन्मापासून ओळखते. ती तान्ही असताना ज्युडिथ तिच्या दुधाची बाटली माझ्या झाकणावर गरम करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघायची आणि मगच तिच्या तोंडाला लावायची. आता विनी सहा वर्षांची होती. पुढचा एक दात पडलेला. नुकती शाळेत अक्षरे शिकलेली, आणि अक्षरे शिकलेल्या मुलाला लिहायला जागा हवीच असते. धुक्याच्या काचेवर, भाकरीवरच्या लोण्यावर, कुठेही.

ज्युडिथला पाहताच माझ्याभोवतीची तोंडे मिटली. सगळे एकदम शहाणे झाले. कोणी खोकला, कोणी टोपीला हात लावला. ती हॅरल्डबरोबर मागच्या फळ्यांकडे गेली. विनी पिंपाशी उभी राहिली.

"इथे सगळे नाव लिहितात?" तिने विचारले.

पत्र एकमेकांत गुंतलेल्या वळणदार अक्षरांत लिहिलेले होते. ते तिला वाचता येणार नव्हते, हे त्या सर्वांना ठाऊक होते. ती कोणाची मुलगी, हेही ठाऊक होते.

"लिहितात तर!" गसने इतरांना डोळा मारला आणि पेन पुढे केले. "तुला येतं का नाव लिहायला?"

"अख्खं येतं."

"मग होऊ दे!"

ओठात जीभ धरून तिने लिहिले. विनिफ्रेड कासिक. अक्षरे वर वर चढत गेली, आणि शेवटचे अक्षर कागद संपल्यामुळे खाली वळवावे लागले. माना खाली घालून ते पाच धटिंगण हसू दाबत होते. ऑर्विल हसला नाही. तो सह्या मोजत होता.

"एकेचाळीस," तो म्हणाला. "चांगला आकडा आहे."

मित्रांनो, माझी झडप तेव्हा उघडी होती आणि पोटात निखारे होते. कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला हात नाहीत, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

पत्र गेले. डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर बातमी आली, की बगळ्यांनी नॉर्म कासिकला देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या संघाला देऊन टाकले आहे. बदल्यात डावखुरा वगैरे काही आला नाही. एक अननुभवी मुलगा आला, आणि थोडी रोकड. माझ्याभोवती मात्र जत्रा भरली, ती चार दिवस झाले तरी मोडेना. गसने ऑर्विलची पाठ इतकी थोपटली, की त्याची कॉफी माझ्यावर सांडून चर्रर झाली.

"म्हाताऱ्या, ऐकलं की रे तुझं!"

"ऐकणारच," ऑर्विल म्हणाला. "एकेचाळीस सह्या म्हणजे काय गंमत आहे?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. ज्युडिथ सामान बांधायला दोर घ्यायला आली होती. ती हॅरल्डशी बोलत राहिली आणि विनी सरळ माझ्याकडे आली. टोपी, मफलर, दोन्ही हातमोजे, आणि डोळे रडून सुजलेले. तिच्या हातात खोडरबर होता.

"तो कागद कुठाय?" तिने विचारले.

ऑर्विलने कॉफीचा कप खाली ठेवला.

"शाळेत लॉईड म्हणाला, त्याच्यात लिहिलं होतं बाबांना पाठवून द्या म्हणून. त्याच्या बाबांनी पण सही केलीय. मला माझं नाव खोडायचंय. खोडलं की मग ते परत इथे खेळतील." तिने खोडरबर पुढे केला. "मी आईला नाही सांगितलं. आई रोज रडते. मी केलंय ते तिला माहीत नाही."

गस बुटांकडे बघत होता. हेच ते तोंड, जे गेला महिनाभर मिटले नव्हते!

ऑर्विल खुर्चीतून खाली उतरला. सत्तरीच्या माणसाला गुडघ्यावर बसायला वेळ लागतो. त्याचेही गुडघे वाजले, आणि ते सगळ्यांना ऐकू आले.

"विनी, तुझ्यामुळे नाही झालं ते," तो म्हणाला.

"तुम्हीच आत्ता म्हणालात, ऐकलं म्हणून! मी दारातून ऐकलं."

आता तो अडकला. खरे सांगावे, तर इतक्या वर्षांची शान जाते. आणि न सांगावे, तर हे पोर ते ओझे घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते. मला सांगायला लाज वाटत नाही, मित्रांनो, तो शान वाचवील अशीच माझी खात्री होती.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढले. त्यात घड्या घातलेले कागद होते. त्याची ती सुप्रसिद्ध खासगी उत्तरे. ती त्याने एकेक करून जमिनीवर, माझ्या पायाशी मांडली. चौदा होती.

"तुला वाचता येतं ना? बघ."

विनीने बोट ठेवून पाहिले. "हे आणि हे एकच आहे," ती म्हणाली. "हे पण. सगळी एकच आहेत."

"छापलेली आहेत. सहीसुद्धा छापलेली. माझं पत्र तिथे कोणी उघडत नाही, बाळ. कधीच नाही उघडलं. तो पिचर आला, तेव्हा माझं पत्र अजून माझ्याच टेबलावर होतं. मी पोस्टात सुद्धा टाकलं नव्हतं."

"ऑर्विल!" गस म्हणाला.

"गप रे तू."

विनीचे बोट शेवटच्या कागदावर थांबले. "हे वेगळं आहे." आणि ती अडखळत मोठ्याने वाचू लागली, "प्रिय... छोट्या... मित्रा. तू पाठवलेलं चित्र... आम्हाला खूप... आवडलं." तिने वर पाहिले. "तुम्ही चित्र काढलं होतं?"

"नाही," ऑर्विल म्हणाला. "मी चार पानी पत्र लिहिलं होतं."

एरवी असे काही ऐकून ती मंडळी लोळली असती. त्या दिवशी कोणी हसले नाही.

"म्हणजे माझं नाव तिकडे कोणी वाचलंच नाही?"

"कोणीच नाही. शपथ."

तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले, ते मला दिसले. तिने बाहीने नाक पुसले. खोडरबर हातमोज्यात ठेवला. ज्युडिथ दोराची गुंडाळी घेऊन फळ्यांच्या तोंडाशी उभी होती. तिने किती ऐकले, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. तिने विनीचा हात धरला. मुलगी दोन पावले गेली आणि मागे वळली. रागाने नाही, नुसते विचारायचे म्हणून तिने विचारले,

"पण तुम्हाला बाबा नको होते, ते तर खरं ना?"

ऑर्विल जमिनीवरची छापील उत्तरे गोळा करू लागला. घंटा वाजली, दार बंद झाले. जानेवारीत कासिकांचे घर रिकामे झाले.

आता तुम्हाला वाटेल, ही माणसे सुधारली असतील. छे! जूनमध्ये नॉर्मने नव्या संघासाठी एकाच सामन्यात दोन होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे टोले, मारले, तर गस छातीठोकपणे म्हणाला, "मी पहिल्यापासून विरोधात होतो. असा माणूस कोणी देतं का?" माझ्यात तेव्हा विस्तव नव्हता, तरी मी तापले.

फक्त पुढच्या हिवाळ्यात एक गोष्ट वेगळी झाली. खुर्च्या भरल्या, गसने पाय पसरले आणि तो म्हणाला, "या वर्षी पहिला तो तिसऱ्या बेसवरचा लंगडा हाकला पाहिजे."

"त्याला मुलं किती?" ऑर्विलने विचारले.

"आं? मला काय माहीत!"

"मग माहीत करून घे. मग बोल."

गसने दुसरे नाव घेतले. ऑर्विलने तेच विचारले. तिसरे घेतले, तेच.

"अरे, खेळ आहे हा, ऑर्विल!" गस वैतागून ओरडला.

"आपल्यासाठी," ऑर्विल म्हणाला.

त्या हिवाळ्यात पिंपावर कागद पडला नाही. गस कंटाळून न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसू लागला, आणि माझ्याभोवतीची निम्मी उष्ण हवा त्याच्याबरोबर गेली. आज तर हॅरल्डच्या मुलीने माझ्या झाकणावर फुलझाडांच्या बियांची पाकिटे मांडली आहेत. मला गंज चढतो आहे. माझी राख कोणी काढली, पाठीवरून तेलाचे फडके फिरवले, तर मी अजून दहा हिवाळे तग धरीन. तेवढे कोणी केले तर बरेच आहे.

पण मित्रांनो, माझी खरी विनंती वेगळी आहे. उबेला खुशाल बसा, खुशाल बोला, ऊब त्यासाठीच असते. फक्त एखाद्या माणसाला हसत हसत तागडीत टाकण्याआधी एकदा मान वळवा, आणि त्याचे लेकरू मागे उभे नाही ना, एवढे बघून घ्या.