आभाराची बाटली

बाप गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी एकुआच्या पदरात पडण्यासारखं एकच होतं: पियानो. घरावर तिचा डोळा नव्हताच. घानातल्या फँटी माणसाचं घर त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं, कारण पोरं आईच्या कुळाची. आणि तिच्या आईच्या इवे लोकांत पोरं बापाच्या कुळाची. दोन्हीकडच्या मोजणीत एकुआ पलीकडची. लहानपणी याचीच मौज वाटायची. बाप फँटीत रागवायचा, आई इवेत ताल मोजायची आणि चर्चची गाणी इंग्रजीत. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं नि आंधळ्या आईचं पोट शिकवण्यांवर होतं, आणि शिकवण्या त्या पियानोवर.

"बाबांनी तो मला कधीच देऊन टाकलाय," ती कुळाच्या म्होरक्याला म्हणाली. "वीस वर्षं झाली. आत्या होती समोर."

"होते की," आत्या म्हणाली. तिला खेटून तिचा लेक एबो बसला होता. टाकोराडीला त्याचा दारूचा गुत्ता होता, आणि गुत्त्याला पियानो शोभला असता.

म्हाताऱ्या म्होरक्यानं विचारलं, "मग आभाराची बाटली कोण प्यालं?"

एकुआचा चेहरा उतरला. घेणाऱ्यानं साक्षीदारांना जिन पाजली की देणं पक्कं, नाहीतर नुसत्या गप्पा.

"मी वाजवून दाखवलं होतं. बाबा म्हणाले, पोचले आभार."

"अगं, सूर काय घशाखाली उतरतात?" बैठक हसली. "बाई, तू सांग. प्यालीस का तू?"

आत्याच्या एका 'हो'वर सगळं अडलं होतं. तिनं लेकाकडे पाहिलं.

"वाजवलं मात्र झकास हं. मी रडले होते. पण बाटली... छे बाई, मेलेल्या भावाच्या नावानं खोटं कसं बोलू?"

एकुआ तशीच उठली, कोपऱ्यावरच्या दुकानातून जिन घेऊन धापा टाकत आली. "ही घ्या."

"देणारा गेला, पोरी. आता आभार कुणाचे मानणार?" म्हाताऱ्यानं बाटली मात्र हातातून सोडली नाही. "एबो, वारस तू, कुळाकडून घेणारा. तुझी बाटली कुठाय?"

"गडबडीत राहिलीच, आजोबा."

"मग ही आहे की!"

बूच निघालं. चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर पडले आणि पेला फिरत फिरत एकुआपाशी आला.

"घे गं, घरचीच आहेस तू," आत्या म्हणाली.

नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर थुंकणं. एकुआनं पेला रिकामा केला.

बाटली तिची, पियानो एबोचा. म्हाताऱ्यानं बोटांवर साक्षीदार मोजले. सहा. सहावी एकुआ.