मागच्या रांगेतली विनिता

"ह्या घरात विनिता नावाची कोणी नव्हतीच," सदानंदने भाचीच्या तोंडावर सांगितलं, आणि वर पानाला चुना लावायला घेतला. माणूस निगरगट्ट असावा, पण किती!

भाची, म्हणजे विनिताची मुलगी क्लेमेंटीन, चपला घालून निघून गेली. तिची आई नुकतीच गेली होती. पोरीने काय मागितलं होतं? वाडीतला हिस्सा नाही, दागिना नाही. आईचा माहेरातला, लग्नाआधीचा एक फोटो. एकच. पण विनिताने पॉलशी चर्चमध्ये लग्न केलं तेव्हा बाबांनी घरातल्या प्रत्येक फोटोतून तिला कात्रीने कापून काढलं होतं. वसईच्या त्या घरात ते फोटो अजून भिंतीवर होते, कडेला खिडक्या पाडल्यासारखे.

सरोजिनी भावंडांत थोरली. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती, आणि ती तिने मेहनतीने कमावलेली. ती उठली, तरातरा माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन खाली आली. डब्यात तिच्या स्वतःच्या लग्नाची फिल्म होती. फोटो कापले तरी निगेटिव्ह शाबूत असतात, हे तिला आत्ता, इतक्या वर्षांनी सुचलं होतं.

"ठेव तो डबा, ताई."

"माझ्या लग्नाचा आहे. तुझ्या बापाचा नाही."

"बाप आपला एकच आहे."

"म्हणूनच सांगतेय."

सदानंद चिडेल असं तिला वाटलं होतं. तो हसला. "ने, ने. बघू काय उजेड पाडतेस." त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नालासोपाऱ्याला आपल्या फ्लॅटवर आल्यावर तिने फिल्मच्या पट्ट्या खिडकीशी धरल्या. हवा होता तो फोटो सापडला. पुढे खुर्च्यांवर थोरली मंडळी आणि नवरा-नवरी. मागे दाटीवाटीने उभी रांग, नुसती डोकी दिसणारी. रांगेच्या एका टोकाला विनिता उभी होती, दुसऱ्या टोकाला सदानंद. एवढं तिला पक्कं आठवत होतं. पण निगेटिव्हमध्ये सगळ्यांची तोंडं काळी, केस पांढरे, कोण कुठलं काही कळेना. आणि एका टोकाचं तोंड कुणीतरी टाचणीने पार खरवडून टाकलं होतं.

ते विनिताचंच. दुसऱ्या कुणाचं असणार? "मेल्या म्हाताऱ्या," ती बापाच्या नावाने करवादली, "कात्रीने पोट भरलं नाही का रे तुझं?" आणि मग पदरात तोंड घालून रडली. तरीही तिने धीर सोडला नाही. हल्ली कॉम्प्युटरवर काय काय होतं म्हणतात. खरवडल्याखालून निदान डोळे, निदान हनुवटी निघाली तरी पोरीला द्यायला होईल.

स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि मोबाइलची कव्हरं एकाच टेबलावर होती. तिथल्या माणसाने भज्याच्या तेलकट बोटांनी पट्टी थेट मधोमध धरली.

"ठेवून जा, मावशी. इथे होत नाही. गठ्ठा जमला की मुंबईला पाठवतो."

"गठ्ठ्यात? आणि हरवली तर?"

"आजवर नाही हरवली."

"म्हणजे पहिली माझीच हरवणार! आण इकडे." तिने पट्टी पदराला पुसली नाही, एवढंच नशीब.

दुसरं दुकान मनवेलपाड्यातलं. ते सदानंदनेच फोनवर सुचवलं होतं, म्हणून ती आधीच वाकड्या तोंडाने गेली. दुकानदार जितेंद्र गोड बोलणारा. त्याने पट्टी पाहिली आणि कात्री उचलली.

"एकेक सुटा करून घेतो. मशीनला बरं पडतं."

"कात्री खाली ठेव!" सरोजिनी अशी कडाडली की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. "ह्या घराला कात्री पुरे झाली."

"बरं, बरं. पण मावशी, इथे तर तोंडच गेलंय. काळजी नको, दुसरं बसवून देतो. ह्याच वयाची पुष्कळ आहेत आपल्याकडे."

"तुझ्या आईच्या फोटोला बसव," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

तिसरा पापडीचा पीटर. तो तर तिच्याहूनही तिरसट निघाला. डबा उघडून त्याने आधी तिलाच झापलं. "बुरशी बघा! माळ्यावर कुणी ठेवली? हात लावू नका. माझ्या टेबलाला पण लावू नका. पट्टी मी कापत नाही, बाहेर पाठवत नाही. तुमच्यासमोर करणार, पण बोलायचं नाही. परवा सकाळी या." सरोजिनी जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. हाच माणूस, तिने ठरवलं.

सदानंदला हे कळलं आणि तो आगाऊपणे स्वतःहून हजर झाला. "घरची लक्तरं पापडीच्या वेशीवर टांगतेयस, तर बघायला मी पण येतो." खुर्ची ओढून, पायावर पाय टाकून, तो अगदी मजा बघायला बसला.

पीटरने पांढरे हातमोजे घातले, फिल्मच्या कडेला छापलेले आकडे सुलटे आहेत ना ते पाहिलं आणि पट्टी मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर फोटो हळूहळू वरून खाली उतरत गेला. मांडवाची झालर. मागची रांग. आणि टोकाला विनिता! केसांत अबोलीचा वळेसर, पुढचा दात जरासा तिरका, नक्की कशाला तरी खिदळत होती. पूर्ण चेहरा, डाग नाही की ओरखडा नाही.

"विने..." सरोजिनीने तोंडावर हात ठेवला.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला, नव्या शर्टाच्या कॉलरवर, तोंडाच्या जागी काळ्या रेघोट्यांचा नुसता गिचमिडा होता.

सदानंद ताडकन उठला. "उलटं लावलंय ह्याने! मी विनीचंच खरवडलं होतं! फोटो शेजारी ठेवून, टोक बघून खरवडलं होतं!"

"आकडे सुलटे आहेत," पीटर गुरगुरला. "चित्र उमटतं तो फिल्मचा मसाला एकाच बाजूला असतो, आणि त्या बाजूने चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. खरवडायला ती बाजू वर घेतलीत, तिथेच डावं-उजवं फिरलं. तुम्ही स्वतःलाच खोडलंय."

सरोजिनीने भावाकडे पाहिलं. म्हणजे म्हातारा नव्हता तो. बिचाऱ्या मेलेल्या बापाला तिने उगाच शिव्या घातल्या होत्या. आणि हा, विनीने ज्याला कडेवर घेऊन वाडीभर फिरवलं तो हा, टाचणी घेऊन बसला होता.

"मोठे दोन काढ," ती पीटरला म्हणाली. "एक क्लेमेंटीनला. दुसरा वाडीच्या घरात लावायचा. दारासमोर."

"ताई, माझं तोंड नाही त्यात!" सदानंदचा आवाज चिरकला. "पीटर, ते... दुसरं बसवता येतं ना? जितेंद्र बसवतो."

"हात लावायचा नाही," सरोजिनी म्हणाली.

"अगं, येणारा-जाणारा विचारेल, हा कोण म्हणून!"

"विचारू दे. सांगेन, ह्या घरात असा कोणी नव्हताच."