सायकलवर येणारा कॅप्टन

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. कॉफीला बरा भाव मिळाला असं ते शेवटचंच वर्ष, आणि त्याच वर्षी आमच्या कियामारिगाच्या टेकडीवर चोऱ्या सुरू झाल्या. फॅक्टरीत वाळवणाच्या टेबलांवरून कॉफी पोत्यांनी नाहीशी व्हायची. ऑगस्टमध्ये तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला कुणीतरी कोयत्यानं तोडलं. त्यानंतर रस्त्यानं अनोळखी माणूस निघाला, की आमचे पुरुष हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायचे.

मी वाइथिरा, गिचुकींची थोरली सून. नवरा वाहोमे नैरोबीत नोकरीला होता. घरात सासू, सासरे, माझी पोरं आणि नणंद वाचुका. हंगामात आम्ही दोघी नणंद-भावजय फॅक्टरीच्या अंगणात कॉफीची फळं निवडायला बसायचो. पोत्यावर फळं ओतायची, लाल एका बाजूला, हिरवी दुसऱ्या बाजूला, आणि हाताबरोबर तोंडही चालू. वाचुका सगळ्यांच्या नकला करायची. फॅक्टरीच्या चेअरमनची चाल तर अशी करायची, की बायका पोटं धरून लोळायच्या. तसं हसणं पुढं कुठल्याच कामात आलं नाही.

कॅप्टन मुसेंबी आमच्याकडे पहिल्यांदा आला तो जूनमध्ये. माचाकोसकडचा, कांबा जमातीचा माणूस, हेलिकॉप्टर चालवायचा. डोंगरावर चढायला गेलेले गोरे आजारी पडले, की त्यांना उचलून खाली आणायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र सायकल. कुण्या गोऱ्या प्रवाशानं जाताना त्याला ती देऊन टाकली होती. जाड चाकांची, पुष्कळ गिअरची, आणि मागं ओझं बांधायला कॅरिअरच नाही! त्या सायकलवरून तो रस्ता सोडून कॉफीच्या मळ्यांमधल्या पायवाटांनी दगडांवरून खाली सुटायचा आणि चिखलानं माखून, दात काढत उभा राहायचा.

आमच्याकडे सायकल म्हणजे गरिबाचं गाढव. कोबीची पोती, दुधाचे कॅन, नाहीतर अडलेली बाई दवाखान्यात न्यायची. जरा पैसा आला की माणूस आधी सायकल विकतो. हा हेलिकॉप्टरवाला असून सायकलवर मजा करायला येतो, हे कुणाच्याच डोक्यात शिरेना.

‘‘हेलिकॉप्टर चालवतो म्हणे,’’ फॅक्टरीतल्या बायका म्हणायच्या. ‘‘मग मीही जहाज चालवते.’’

‘‘बाई, त्याची पँट बघ गुडघ्याला फाटलेली.’’

दुसरं वेड कॉफीचं. आम्ही जन्मभर कॉफी पिकवली, पण प्यायलो चहा, भरपूर दूध घालून. कॉफी विकायची वस्तू. शिवाय कायदाही तसाच होता, सगळी कॉफी फॅक्टरीत घालायची, घरात भाजली किंवा बाहेर कुणाला मूठभर दिली तरी चीफच्या कचेरीत उभं राहावं लागायचं. तरी प्रत्येकाच्या माळ्यावर थोडी म्बुनी असायचीच, सालासकट वाळवलेली कॉफी. मुसेंबी एकदा पाणी मागायला आमच्या चुलीपाशी आला. त्याच्या नाकाला तिचा वास लागला. त्यानं ती मागून घेतली, तव्यावर भाजली, मक्याच्या उखळात कुटली आणि आम्हा सगळ्यांना एकेक कप दिला.

सासूबाई थुंकल्या. ‘‘पोरा, हे पिऊन तू जिवंत कसा?’’

‘‘आई, तुमच्या टेकडीसारखी कॉफी मी कुठं प्यायलो नाही.’’

‘‘मग तुझं तोंडच बिघडलंय. डॉक्टरला दाखव.’’

वाचुकानं मात्र डोळे मिटून सगळा कप संपवला. मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला तो आला. सासऱ्यांच्या कोंबड्यांना हेलिकॉप्टरच्या गोष्टी सांगायचा, पोरांना सायकलवर बसवायचा. सप्टेंबरात त्यानं सासऱ्यांना सरळ विचारलं, डिसेंबरात माझी माणसं बोलणी करायला आणू का म्हणून. त्यानं खिशातून परवाना काढून दाखवला, फोटो आणि शिक्का असलेला. सासऱ्यांनी तो उजेडात धरून वाचला आणि परत दिला.

‘‘बघू,’’ एवढंच म्हणाले.

बघायचं काही नव्हतं. चेअरमनचा मुलगा थेउरी याच्याशी त्यांनी आतून वाचुकाच्या लग्नाचं बोलणं केलं होतं, आणि फॅक्टरीच्या कमिटीवर जागा मिळेल असा त्यांचा हिशेब होता. वाचुकाला हे कळलं तेव्हा ती जेवली नाही, पण बापापुढं बोललीही नाही. गिचुकींपुढं कुणीच बोलत नसे. ते कधी आवाज चढवत नसत, हीच त्यांची भीती होती.

नोव्हेंबरात, ऐन तोडणीत, मुसेंबी आला तेव्हा वाचुकानं त्याला फडक्यात बांधून म्बुनी दिली. ‘‘महिनाभर येणं होणार नाही म्हणालास ना, तोवर पुरवून पी,’’ असं म्हणाली. मी शेजारीच शेंगा सोलत होते. तो पिशवी पाठीवर टाकून सुटला, आणि खालच्या पुलावर फॅक्टरीकडे फळं घेऊन निघालेल्या लोकांच्या घोळक्यात सापडला. पुलावर वाट अरुंद, त्याला उतरावं लागलं. कुणीतरी म्हणालं, ‘‘याच्या पाठीवर काय आहे?’’

आरडाओरडा ऐकून आम्ही दोघी धावत खाली गेलो. पिशवी उलटी करून टाकलेली, म्बुनी पायाखाली. मुसेंबीचं नाक फुटलं होतं. पुढं मुगो होता, मारल्या गेलेल्या राखणदाराचा पुतण्या, हातात सायकलची चेन.

‘‘हाच तो! दर आठवड्याला येऊन बघून जातो, कुठं किती माल आहे ते!’’

‘‘मी वैमानिक आहे,’’ मुसेंबी म्हणाला. ‘‘गिचुकींना विचारा, ते ओळखतात मला. त्यांनी परवाना वाचलाय.’’

‘‘वैमानिक! आणि विमान कुठंय रे? या दोन चाकांवर?’’

लोक हसले. तेवढ्यात सासरे आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी खाली सांडलेली म्बुनी पाहिली, फडकं पाहिलं. फडकं आमच्या घरातलं होतं, सासूबाई कमरेला गुंडाळायच्या त्या जुन्या लेशोचं. ते त्यांनी बुटाखाली घेतलं.

‘‘मी याला ओळखत नाही,’’ ते म्हणाले. मग वळून हळूच विचारलं, ‘‘वाचुका, तू ओळखतेस?’’

सगळे तिच्याकडे बघायला लागले. हो म्हणाली असती तर कॉफी बाहेर देणारं घर आमचं ठरलं असतं, आणि परक्या पुरुषाला लपून देणारी मुलगी ती. हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर चारचौघांत विचारलं.

मुसेंबी तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘वाचुका, सांग ना. मला उद्या उड्डाण आहे.’’

‘‘याला हिचं नाव कसं ठाऊक?’’ कुणीतरी ओरडलं.

‘‘फॅक्टरीत दिवसभर तिच्या नावानं हाका मारता तुम्ही,’’ सासरे म्हणाले. ‘‘चोराला काय, कान नसतात? बोल, बाळ.’’

‘‘नाही,’’ वाचुका म्हणाली. ‘‘मी नाही ओळखत.’’

मी पुढं होऊन म्हणाले, ‘‘बाबा, हा आपल्या घरी जेवलाय.’’ सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘‘वाहोमेची बायको आजारी आहे,’’ ते बायकांना म्हणाले, ‘‘तिला घरी न्या.’’ दोघींनी मला दंडाला धरलं. पण तोंड पुलाकडेच होतं माझं, सगळं दिसलं.

चेनचा पहिला फटका त्याच्या डोळ्यावर बसला. मग मुगोला गंमत सुचली.

‘‘उडतो ना हा? उडून दाखव की! हात पसर, कॅप्टन!’’

‘‘उडव, उडव!’’ पोरं, बाप्ये, बायकाही. माझ्याबरोबर रोज हसणाऱ्या बायका. चौघांनी त्याला उचललं, मुगोनं पाय धरले. सगळ्यांनी हेलिकॉप्टरचा आवाज काढला तोंडानं. आणि त्याला कठड्यावरून सोडून दिलं. नदीला पाणी गुडघाभर, खाली नुसते धोंडे.

लोक मग फळांची पोती उचलून फॅक्टरीकडे चालू लागले, कारण उशीर झाला की फळं घेत नाहीत. मी हात सोडवून खाली उतरले. तो शुद्धीवर होता आणि कांबा भाषेत आईला हाका मारत होता. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला मी बोलावून आणलं. तिनं त्याच्या खिशातला परवाना पाहिला, कपाळाला हात लावला आणि फोन करायला धावली.

दुपारी त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं. उतरायला सपाट जागा एकच, फॅक्टरीच्या टेबलांशेजारची. पात्यांच्या वाऱ्यानं हंगामाची सगळी धुतलेली कॉफी टेबलांवरून उडाली आणि चिखलात, काटेरी कुंपणात, नदीत जाऊन पडली. हातात टोपल्या घेऊन माणसं किंचाळत तिच्यामागं धावली. स्ट्रेचरवरून त्याला उचलून आत घातलं, तेव्हा तिकडे बघायला सिस्टर, मी आणि वाचुका एवढ्याच होतो.

त्या रात्री सासऱ्यांनी मटण आणलं होतं. वाचुकाच्या ताटात स्वतःच्या हातानं मोठा तुकडा वाढून म्हणाले, ‘‘खा. आता तुझ्यावर कुणी बोट दाखवणार नाही.’’ तिनं तो खाल्ला.

मुसेंबी वाचला. एक डोळा गेला, कंबर कायमची वाकडी झाली. पुन्हा ना त्यानं हेलिकॉप्टर चालवलं ना सायकल. माचाकोसला भावाच्या घरी राहायचा आणि दहाबारा वर्षांनी तिथंच गेला, असं सिस्टरनं मला सांगितलं. सिस्टर त्याच वर्षी बदली मागून गेली. गिचुकी कमिटीवर गेले, पुढं चेअरमनही झाले. त्यांच्या मयताला मंत्री आला होता. राखणदाराला मारणारे दुसऱ्या वर्षी पकडले गेले, ते फॅक्टरीच्याच लॉरीवर कामाला होते. मुसेंबीबद्दल त्यावर कुणी काही बोललं नाही.

वाचुकानं थेउरीशी लग्न केलं. पाच मुलं झाली. कारातीनाला तिचं मोठं दुकान आहे, आणि तिथली माणसं तिला फार कडक बाई म्हणतात. आम्ही लग्नाकार्यात भेटतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. सासरे गेल्यावर मी वाहोमेला सांगून वेगळी राहिले. नवरा गेला, आता धाकटा मुलगा मला सांभाळतो.

आणि मुगो पाद्री झाला. चांगला बोलतो, लोक लांबून ऐकायला येतात. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या नातीचं लग्न त्यानंच लावलं.