घंटेतली झिणझिण

"चपला काढा! पाय ओले करा! मगच घंटा धरा!"

मनवेलपाड्यातल्या त्या इमारतीत सकाळी जिन्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे सोसायटीच्या देवीचं चिमुकलं देऊळ. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा लोखंडी पाइप देवळावरूनच जातो आणि त्याला साखळीने पितळी घंटा टांगलेली. महिनाभर झाला, ती घंटा धरली की हाताला झिणझिण्या येत. खऱ्याखुऱ्या, कोपरापर्यंत.

"आली गं बाई, आली!"

"मला तर दातांत आली!"

"तुमची कवळी आहे, वहिनी."

"मग कवळीत आली!"

या सूचना देत तेजोनाथ महाराज खडावा खटखटवत उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण भाविक जमले की महाराज जमतातच. "पुण्यवानाला गुदगुल्या, पाप्याला चटका! आई सकाळी जागी असते, दुपारी वामकुक्षी घेते. संशयी माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही!"

म्हणजे जाणवलं तर श्रेय देवीचं, नाही जाणवलं तर दोष तुमचा.

गर्दीच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचा सुमेध उभा होता. त्याने घंटेला कधीच हात लावला नव्हता.

का नव्हता? त्यासाठी गोष्ट इथे मोडून महिनाभर मागे न्यावी लागेल.

*

सुमेधचं बाथरूम. तो स्टुलावर, मोबाइलवर व्हिडिओ, समोर उघडलेला जुना गिझर. गिझरच्या तारा तीन, भिंतीत दोनच. हिरवी तार उरली.

"ही कुठे जायची?" त्याच्या बायकोने, मीराने विचारलं.

"अर्थिंगची आहे. पाइपला गुंडाळतो. पाइप जमिनीतच जातो ना!"

"वायरमनला विचार की."

"एवढ्याशा कामाला?"

आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला: 'वायरमनची वाट बघू नका, स्वतः करा.' अंगठ्यांचा नुसता पाऊस.

पुढे एकदा मीराच हळूच म्हणाली, "आपला गिझर लागतो ना, तेव्हाच देवी जागी होते रे."

सुमेधने गिझर बंद केला.

*

देवी गप्प झाली. आई रुसली, असं महाराजांनी जाहीर केलं. तळमजल्यावरच्या शांतारामकाकांनी अन्न सोडलं. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात लुळा पडलेला. "घंटा धरली की बोट हलत होतं रे," ते सांगत. "माझ्याच पापाने गेली ती."

सुमेध त्यांच्या दारापर्यंत गेला.

सांगितलं?

नाही. ग्रुपवरचे ते सगळे अंगठे त्याच्या डोळ्यांपुढे आले. तो तसाच वर आला आणि त्याने गिझरचं बटण दाबलं.

काका जेवले. आई परतली म्हणून पेढे वाटले गेले. सुमेधच्या घरीही एक आला. तो त्याने न खाता डब्यात ठेवून दिला.

*

दुसऱ्या सकाळी, म्हणजे गोष्ट मोडली होती तिथेच, त्या गर्दीत काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, ओल्या पायांनी दोन्ही हातांत घंटा धरली, आणि ती सुटेना. मान ताठ, डोळे पांढरे.

"समाधी लागली!" महाराज गरजले. "कुणी शिवू नका!"

"मीरा!" सुमेध जिन्यातून किंचाळला. "मेन बंद कर! मेन!"

काका खाली कोसळले. श्वास चालू होता. लोक पाणी आणायला धावले आणि सुमेधने, महिन्याने का होईना, वायरमनला फोन लावला.

वायरमन म्हणून आली जवळच्या गास गावची रिचेल. रबरी तळव्यांचे बूट, तोंड सुरू. "लांब व्हा सगळे! देवीला मी बघते, तुम्ही मला बघू नका." तिने वर मेन चालू करायला लावला आणि घंटेला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मग पाइपच्या मागे मागे ती जमिनीपर्यंत वाकली. खालचा तुकडा कुणीतरी प्लॅस्टिकचा बसवला होता.

"याला अर्थच नाय!"

"देवीच्या लीलेला अर्थ नाही म्हणतेस?" महाराज कडाडले.

"ओ महाराज, अर्थ! अर्थिंग! लोखंडी पाइप जमिनीत पोचतच नाय. वरून कुठूनतरी करंट गळतोय, तो पाइपात अडकून बसलाय. ओल्या पायांचा मानूस घंटा धरतो, करंट त्याच्या अंगातून खाली उतरतो. चपलेतून नाय उतरत. लाकडी खडावांतून तर नायच नाय. काढा बघू त्या! मी पायावर पानी घालते."

महाराजांना अर्नाळ्याची आरती आठवली. खडावा न काढता ते निघाले, आणि चांगलेच भरभर निघाले.

मेन पुन्हा बंद करून रिचेल वर गेली, हिरवी तार पाहून खाली आली. "गिझर आतून गळतोय आनि त्याची तार पाइपला! हे कोनी केलंय?"

"मी," सुमेध म्हणाला.

काका भिंतीला टेकून बसले होते. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या गिझरच्या पाया पडत होतो?"

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "पण बोट हलत होतं."

"करंटने मेलेल्या कोळंबीची शेपटी पन हलते, काका," रिचेलचा आवाज उतरला. "गोळ्या घेताय ना?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. घंटा जागी झाली त्याच दिवशी त्यांनी गोळ्या आणि हाताचे व्यायाम सोडले होते. सुमेधला हे आत्ता कळत होतं.

*

वाचकहो, बल्ब बदला, नळाचा वॉशर बसवा, बिजागरीचा स्क्रू आवळा, खुशाल करा. पण आपली चूक खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या अंगातून उतरणार असेल, तर ते काम आपलं नाही. झिणझिण्या आल्या तर हात जोडू नका, हात काढून घ्या. कारण शोधा. नाही सापडलं, तर ज्याला सापडेल त्याला बोलवा. आणि शरीराचं कारण डॉक्टरला विचारा, घंटेला नाही.

सुमेध काकांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद?"

काका आठवू लागले.

सुमेधला तारीख पाठ होती.